कार्डावरचं कुंकू

बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी साकीनाक्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दीप्ती सबनीसला तिचं ग्राफिक्स कार्ड परत मिळालं. दुरुस्त न होता. सोबतच्या कागदावर एक ओळ होती : आत ओलाव्याच्या खुणा, वॉरंटी रद्द.

"ओलावा?" दीप्ती म्हणाली. "कॉम्प्युटर टेबलावर असतो माझा. मी काय तो घेऊन जुहूला पोहायला जाते?"

काउंटरमागच्या यज्ञेशने चष्मा वर सरकवला. "मॅडम, मी स्वतः उघडलंय. पाणी गेलंय आत. पिनांजवळ गंज धरायला लागलाय."

"शक्यच नाही."

दीप्ती इमारती उभ्या राहण्याआधी त्यांची हलती चित्रं कॉम्प्युटरवर तयार करते; त्या कार्डाशिवाय ते काम होत नाही. अंधेरीच्या एका आर्किटेक्टने तिला एका टॉवरचं काम देऊन पाहिलं होतं. ते वीस तारखेला पोचलं तर पुढे वर्षभराचं काम मिळणार होतं. नाही पोचलं, तर दुसरी मुलगी तयार होती. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती साइटवर असताना घरातल्या कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा पडला. मुलुंडहून वडिलांनीच कार्ड काढून इथे आणून दिलं. तसलं कार्ड पुन्हा विकत घेणं घराच्या ऐपतीत नव्हतं.

वडील, बाळ सबनीस, आताही शेजारीच उभे होते. विमा कंपनीत तीस वर्षं त्यांनी लोकांचे दावे तपासले होते. त्यांनी कार्ड हातात घेतलं, ट्यूबलाइटखाली धरलं, उलटं केलं.

"यावरचं कुंकू कुठे गेलं?"

यज्ञेशला आधी कळलंच नाही. "कसलं कुंकू, काका?"

"दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा होते. हिच्या आईने या पाठीवर कुंकवाचं बोट ओढलं होतं. हे तर कोरं आहे."

दीप्तीने मोबाइल काढला. दसऱ्याचा फोटो सापडायला वेळ लागला नाही. उघडा कॉम्प्युटर, काळं कार्ड, त्यावर लाल बोट आणि कडेला झेंडू. तिने तो यज्ञेशसमोर धरला.

"पण नंबर तोच आहे, मॅडम. बिलाशी जुळतो."

"नंबर स्टिकरवर आहे," सबनीस म्हणाले. "स्टिकर निघतो. दुसऱ्यावर चिकटतोही."

"मी घेतलं तेव्हा कुंकू नव्हतं."

"तसं पावतीवर लिहिलंय?"

पावतीवर 'एक कार्ड, चालत नाही' एवढंच होतं. खाली यज्ञेशची सही.

"अकरा वर्षं इथे आहे मी, काका. एक स्क्रू घरी नेला नाही."

"हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलंय."

परतताना रिक्षात दीप्ती म्हणाली, "बाबा, चेहऱ्यावरून तसा वाटत नाही हो तो."

"चेहरा बघून क्लेम पास होत नसतात."

घाटकोपर येईपर्यंत तिने मोबाइलवर त्या सेंटरबद्दलचे अभिप्राय वाचून काढले. दोघांनी लिहिलं होतं : कार्ड बदलून मिळालं, सावध राहा. तिला यज्ञेशचं चष्मा वर सरकवणं आठवलं. बोलताना त्याने आपल्याकडे एकदाही सरळ पाहिलं नव्हतं, असंही आता वाटायला लागलं.

तक्रार सबनीसांनी लिहिली. एक पान, एकही विशेषण नाही. दसऱ्याचा फोटो, पावती, बिल. शेवटी, 'कार्ड आपल्या केंद्रात बदलले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.'

"एवढं कशाला?" दीप्तीची आई, कुंदाताई, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "जाऊ दे ना. करू काहीतरी."

"काय करशील? वीस तारीख पुढे ढकलशील? तू चहा टाक."

"आई, चोरी झालीये आपली," दीप्ती म्हणाली. "आणि तूच जाऊ दे म्हणतेस?"

कुंदाताईंनी चहा टाकला.

सहाव्या दिवशी कंपनीच्या मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं. कंपनी काही कबूल करत नव्हती. मात्र 'ग्राहकाच्या समाधानासाठी' नवं कार्ड पाठवत होती आणि केंद्राची अंतर्गत चौकशी करणार होती. कार्ड दुसऱ्या दिवशी आलं. दीप्तीने ते बसवलं, खोलीचं दार लावून घेतलं आणि जेवणापुरतीच बाहेर येऊ लागली.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला बेल वाजली. दारात यज्ञेश होता.

"पत्ता पावतीवर होता," तो म्हणाला. आत बोलावलं तरी बसला नाही. "काका, मला घरी बसवलंय. शुक्रवारी चौकशी आहे, अकरा वाजता. मी काय म्हणतो, तुम्ही एवढंच लिहून द्या, की कार्ड देताना कुंकू होतंच अशी खात्री नाही."

"खात्री आहे."

"नवीन कार्ड तुमच्याकडेच राहील. ते कोण परत मागत नाही."

"लिहून दिलं की कार्ड परत मागतात," सबनीस म्हणाले. "मी हेच काम केलंय."

यज्ञेश कुंदाताईंकडे वळला. "काकू, तुम्ही सांगा. कुंकू तुम्हीच लावलं होतं ना?"

कुंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "मीच लावलं होतं," त्या म्हणाल्या.

तो दिलेलं पाणी प्यायला, पेला हळूच टीपॉयवर ठेवला आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने खाली गेला. सबनीसांनी दार लावून कडी घातली.

आतल्या खोलीत दीप्तीचा कॉम्प्युटर घरघरत होता. कुंदाताईंनी पेला उचलला.

"दिवाळीच्या साफसफाईत मी ओरडत होते, अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चालू मशीनवर ओलं फडकं घेऊन ते कुंकू पुसू नका."