जप्तीची खुर्ची

कोर्टाचा हुकूम घेऊन बेलिफ सलूनमध्ये शिरला आणि त्याच्यामागून जप्तीचं सामान दाखवायला सलूनवाल्याचा लहानपणचा मित्रही आला. त्याच्याकडून घेतलेले उसने पैसे थकले, तसं दोघांचं बोलणंही खुंटलं होतं. बेलिफ आरसा, पंखा, बाकडं असं एकेक लिहू लागला. खुर्ची एकच होती. ती गेली की धंदाच बसणार होता. सलूनवाल्याचं लक्ष मात्र मित्राच्या मानेवर खिळलं. तिथले केस उंदराने कुरतडल्यासारखे दिसत होते. त्याला राहवेना. “कुठल्या गाढवाकडून कापून घेतलंस हे?” “तुझ्याकडे कुठल्या तोंडाने येणार होतो?” “बस आधी. मग न्या काय न्यायचं ते.” मित्र खुर्चीत बसला. गळ्याभोवती पांढरं कापड आलं, मानेवर ओळखीची बोटं टेकली, तसे डोळे मिटले. “शेठ, खुर्ची लिहू का?” बेलिफने विचारलं. मिटल्या डोळ्यांनीच मित्र म्हणाला, “दिसत नाही का, गिऱ्हाईक बसलंय!”