हजेरीची वही

तालुक्यातल्या बाकीच्या आरोग्य समित्या दोन-तीन बैठकांतच बंद पडल्या होत्या. या गावची मात्र चार वर्षं चालू होती आणि दर महिन्याला अकराही जण हजर. भत्ता नाही, नाश्ता नाही. नवी पर्यवेक्षिका कुतूहलाने हजेरीची वही चाळत होती.

"तुम्ही सगळे येता तरी कशासाठी?" तिने विचारलं.

"न येऊन कसं चालेल?" गिरणीवाले काका म्हणाले. "जो येत नाही, त्याच्या घरी आख्खी बैठक जाते. मग घर आवरा, चहा टाका. त्यापेक्षा आलेलं बरं."

ती हसली. "ही पद्धत काढली कुणी?"

आशाताईंनी वहीचं पहिलं पान काढलं. तिथे बारावं नाव होतं, अनसूयाबाईंचं. पुढे लिहिलं होतं, 'गैरहजर'.

"आम्ही इथं दोन तास बोलत बसलो, बाई घरात एकट्याच पडून होत्या. तिसऱ्या दिवशी दार फोडलं, तोवर उशीर झाला होता," आशाताई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात पर्यवेक्षिका तापाने खोलीवरच पडून राहिली. दुपारी दार वाजलं. टेम्पोने आलेले अकरा जण बाहेर चपला काढत होते.

"बैठक आहे," आशाताई वही उघडत म्हणाल्या. "तुमचं नाव बारावं."