घरी वापर होणार का?

गॅसगळती मोजणाऱ्या नव्या मीटरचा फॉर्म तीन दिवस माझ्या टेबलावर पडून होता. घरगुती म्हणून नोंदवला तर आतल्या शिशाच्या सोल्डरिंगवर बंदी; कारखान्यापुरता म्हटलं की सूट.

"अहो, किती घोळ घालाल?" साहेब वैतागले. "बंदी आली तर सोल्डरिंगच्या सगळ्या बायका घरी बसतील. घेताय ते पाप डोक्यावर?"

'घरी वापर होणार का?' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं आणि सही ठोकली.

संध्याकाळी बायको कामावरून हसतच आली. "वाचलो बाई आम्ही! सोल्डरिंग चालूच राहणार म्हणे."



बाळाने तिच्या कडेवर झेप घेतली आणि तिचं शिशाने काळवंडलेलं बोट चोखायला सुरुवात केली.