पेलिकनांची वाट

“पर्थमध्ये खेळणारे पेलिकन म्हणजे पेलिकनच नव्हेत,” नोएल म्हणाला आणि त्याने ग्लास असा आपटला की निम्मी बिअर टेबलावर सांडली.

“अरे, नाव तर राहील. जर्सीचे रंग राहतील,” लॉरेन कागदी रुमालाने टेबल पुसत म्हणाली. “काहीच नसण्यापेक्षा बरं ना?”

“नुसतं नाव घेऊन काय चाटायचंय? पाच तास विमानात बसून तिकडे सामना बघायला कोण जाणार? तू?”

दुपारी रग्बी लीगवाले नव्या संघाचं नाव जाहीर करणार होते. जागा एकच होती. ती पर्थच्या पैसेवाल्यांना हवी होती, आणि पंचवीसेक वर्षांपूर्वी दिवाळं निघून बंद पडलेल्या वॉरिना पेलिकन क्लबलाही. मधला मार्ग म्हणून नाव पेलिकनांचं आणि मुक्काम पर्थला, असंही कानावर येत होतं. त्या मधल्या मार्गावरून सकाळपासून बारमधल्या या टेबलावर हाणामारी व्हायची तेवढी बाकी होती.

टेबलावरचा तिसरा सिओने. लहानपणी टोंगाहून आलेला, छपरांची कामं करणारा आडदांड गडी. पेलिकनांना त्याने कधी खेळताना पाहिलंसुद्धा नव्हतं. पण नोएलकडून इतकं ऐकलं होतं की त्यांना परत आणायच्या अर्जासाठी सह्या गोळा करायला तोच सगळ्यांच्या पुढे होता.

“काका, खरं सांगा,” सिओने म्हणाला, “ते एवढे भारी होते का? लीग तर एकदाच जिंकले.”

“भारी? त्यांचा तो डावीकडचा टकल्या बघायला हवा होतास तू. चेंडू त्याच्या हातात पडला की अडवणारे नुसते हवेत हात मारत राहायचे. इकडे कुंपणाशी माझा घसा बसायचा ओरडून.”

“आणि तो शेवटचा सामना?” लॉरेन हसली. “गुडघाभर चिखल, आणि अगदी शेवटच्या क्षणी...”

“त्या सामन्याचं नाव काढू नकोस.”

नोएल उठला. खिडकीपाशी गेला. नदीपलीकडे वॉरिनाच्या मैदानाचे दिव्यांचे खांब दिसत होते. हल्ली तिथे शाळेतली पोरं खेळत. परत येऊन तो बसला आणि लगेच पुन्हा उठला. त्याचं हे असं पहाटेपासून चाललं होतं.

“बस रे बाबा एका जागी,” लॉरेन म्हणाली. “लेनला फोन केलास?”

“केला. ‘हं’ म्हणाला आणि ठेवला.”

लेन नोएलचा धाकटा भाऊ. लग्न झाल्यावर तो पुलापलीकडे, वॉरिनात राहायला गेला, पण हिवाळ्यात सामना असला की दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे राहायचे, गरम मटण पॅटिस खाताना तोंड पोळून घ्यायचे आणि अंधार पडेपर्यंत भांडायचे. क्लब बंद पडला आणि लेनने रग्बीच सोडली. दुसऱ्या कुठल्या संघाचं नाव त्याने घरात घेऊ दिलं नाही. गेल्या वर्षी बायको गेल्यापासून तर त्याने घराबाहेर पडणंच सोडलं. नोएल दर रविवारी जायचा, समोर बसायचा. लेन भिंतीकडे बघायचा. बोलायला विषयच उरला नव्हता, आणि याचं नोएलला आतून फार लागत होतं.

“पेलिकन परत आले तर तो उठेल,” नोएल म्हणाला. “नाहीतर हा हिवाळा काही तो काढत नाही.”

पलीकडच्या टेबलावरून ट्रेव्हर ओरडला, “अजून त्या मेलेल्या क्लबचंच रडगाणं? गेले ते बरं झालं. नुसता ताप होता डोक्याला.”

“त्यांचा सामना असला की आदल्या रात्री झोप लागायची का तुला?” नोएलने विचारलं.

“नाही लागायची.”

“आणि आता?”

“आता लागते.”

“मग? त्यात काय मजा आहे, गाढवा?”

इतक्यात बक्षिसाच्या मटणाच्या ट्रेची लॉटरी पुकारायला माणूस माईकवर आला. नोएलने त्याला असं काही झापलं की बिचारा माईक बंद करून खाली उतरला.

टीव्हीवर सूटबूटवाला अध्यक्ष आला. त्याने आभार मानले, पर्थचं कौतुक केलं, भरपूर कौतुक केलं. लॉरेनने डोळे मिटून घेतले. मग अध्यक्ष म्हणाला, “वॉरिना.” आणि म्हणाला, “सामने जुन्याच मैदानावर.”

एकच गलका झाला. सिओनेने लॉरेनला खुर्चीसकट उचललं. ट्रेव्हरही टेबल बडवत होता. अध्यक्ष पुढच्या मोसमाबद्दल आणखी काही सांगत होता, ते टीव्हीला कान लावून उभ्या असलेल्या नोएललाच काय ते ऐकू आलं. मग त्याने बाहेर जाऊन फोन लावला.

“हं,” लेन म्हणाला.

“पेलिकन परत आले.”

“थट्टा करू नकोस, नोएल.”

“आईची शपथ. पर्थ नाही, काही नाही. आपल्या डोळ्यांसमोर, वॉरिनातच.”

लेन रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा. नोएलने त्याला रडू दिलं. त्याच्याही डोळ्यांना धार लागली होती.

“पहिला सामना कुणाशी?” बऱ्याच वेळाने लेनने नाक ओढत विचारलं.

“आमच्याशी. नदीअलीकडच्या संघाशी,” नोएल म्हणाला. “धुऊन काढणार आहोत तुम्हाला.”