टॉकीजचे कर्णे

कर्णा दारातच अडकला. बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागचे दोन जुने कर्णे मी माझ्या पेन्शनमधून घेतले होते, आतले आवाज उमटवणारे फाटके डायफ्रॅमही बदलून नवे बसवून घेतले होते.

“परत पाठव,” हे म्हणाले.

मी गल्लीतल्या सुताराला बोलावलं आणि चौकटच काढायला लावली. जिन्यात शेजारी जमले.

“अगं, लोक काय म्हणतील?” हे कुजबुजले.

लग्न झाल्यापासून ह्या घरात गाणं कायम हळू आवाजातच लागलं. आधी सासऱ्यांची झोप, मग मुलांचा अभ्यास, आता ह्यांचं बीपी.

कर्णे आत आले. भर दुपारी मी रेकॉर्ड लावली आणि आवाजाचं बटण पुरतं फिरवलं. तावदानं थरथरली. ह्यांचे नुसते ओठ हलताना दिसले.

“सांगा आता,” मी ओरडले, “लोक काय म्हणतायत, येतंय काही ऐकू?”