फणसावरचं अळंबं

मंगळावरच्या त्या घुमटात झाडं वाढायची, मरायची, पण सडायची मात्र नाहीत. मेलेली खोडं खत न होता वर्षानुवर्षं तशीच पडून राहायची आणि मातीचा कस दरसाल उतरत चालला होता. बाग बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं.

अशात बाग सांभाळणाऱ्या कुमुदताईंना आडव्या पडलेल्या फणसाच्या खोडावर तपकिरी, अर्ध्या ताटलीएवढा फुगवटा दिसला.

"छताची गळती बुजवायचा फेस आहे तो, ताई," घुमटाचा इंजिनीअर निरंजन म्हणाला. "सगळीकडे ठिबकतो."

ताईंनी चाचपून पाहिलं. वरून लाकडासारखं टणक, खालून पांढरंशुभ्र आणि बारीक छिद्रांचं. मग त्यांनी त्या पांढऱ्या अंगावर नखाने रेघ ओढली. रेघ हळूहळू तपकिरी झाली.

"फेसावर अशी रेघ उमटते का रे? अळंबं आहे हे. पृथ्वीवरून रोपांबरोबर लपून आलं असणार."

त्यांनी शेजारचं लाकूड दाबलं. अंगठा अलगद आत रुतला.

"म्हणजे खोड सडलं?" निरंजन खोडाजवळ वाकला.

"सडलं," म्हणत ताईंनी तो भुशाने माखलेला अंगठा त्याच्या कपाळावर टिळ्यासारखा ओढला. "जा, घरोघरी पेढे वाट."