पांढऱ्यावर पांढरं

"कुठल्या गाढवाने हा रंग दिलाय?" मी वैतागून म्हणाले. समोर बसलेल्या बाईच्या फोनवर मी आमचं महिला मदत-ॲप उघडून टाइप करत होते, पण तक्रारीच्या चौकटीत एकही अक्षर दिसत नव्हतं.

गाढव मीच होते. ऑफिसात आम्हा सगळ्यांच्या फोनची स्क्रीन काळी, म्हणून मी अक्षरं पांढरी ठेवली होती. हिच्या फोनवर चौकटही पांढरीच होती.

"पाच मिनिटांत बदलते," मी म्हणाले. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता, मनगट प्लास्टरमध्ये होतं.

"नका बदलू, ताई. 'पोलीस पाठवा, हा मला मारून टाकेल' असं मी अंदाजानेच लिहिलं. तेवढ्यात नवऱ्याने हात पिरगाळून फोन हिसकावला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. 'कुणाला लिहितेस?' म्हणून बघतो, तर चौकट कोरी. फोन माझ्या तोंडावर फेकून तो कोयता आणायला आत गेला. पडल्या जागेवरून मी 'पाठवा' दाबलं. माझ्यासारख्या अजून असतील."

मी रंग तसाच ठेवला. फक्त 'पाठवा'चं बटण मोठं केलं, एका डोळ्यानेही दिसेल एवढं.